शेती वाढवायची की पाणथळ ठेवायची, जमीन वापराच्या आराखड्यात हे नक्की कशावरून ठरवायचं?

ओंजळ

नमस्कार मंडळी, नियोजनाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या गटाला एका नदीखोऱ्याचा वीस वर्षांचा जमीन वापर आराखडा सरावासाठी करायला दिलाय. खोरं काल्पनिक आहे पण नकाशे, उतार, माती, पाऊस सगळं खऱ्यासारखं दिलंय. वरच्या अंगाला कोरडवाहू शेती, मधे कालव्याची शेती, आणि खाली नदीच्या दोन्ही बाजूंना मोठा सखल पट्टा, ज्यात वर्षातले काही महिने पाणी उभं असतं आणि काही भाग बाराही महिने दलदल. लोकसंख्या वाढणार, धान्याची गरज वाढणार, आणि जमीन तर तेवढीच. गावांची मागणी अशी की सखल पट्ट्यात चर मारून पाणी काढा आणि ती जमीन लागवडीखाली आणा.

आमच्या गटात सरळ दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात अख्खा पट्टा हिरवा रंगवा, आत कोणी पाय ठेवायचा नाही. बाकीचे म्हणतात आधी माणसाच्या पोटाचं बघा, पक्षी दुसरीकडे जातील. मला दोन्ही पटत नाहीये पण मधला रस्ता म्हणजे नुसतं निम्मं तुला निम्मं मला असं करून चालेल का, त्याला काही आधार हवा ना?

तर प्रश्न असे की किती जमीन राखायची हे कशावरून ठरवतात, आहे त्याच शेतातलं उत्पादन वाढवलं तर नवी जमीन फोडायची गरज संपते का, आणि एका ठिकाणची पाणथळ जागा शेतीला देऊन दुसरीकडे नवी तयार केली तर हिशोब बरोबर होतो का. ज्यांनी प्रत्यक्ष असं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, पुस्तकातली व्याख्या नकोय, ती आमच्याकडे आहे.

गाळपेर

ओंजळ, प्रश्न चांगला विचारलायस. मी मातीच्या सर्व्हेच्या कामात आहे त्यामुळे मातीपासूनच सुरू करतो, कारण तुमच्या दोन्ही तटांनी एक गोष्ट गृहीत धरलीय ती म्हणजे पाणी काढलं की खाली चांगली शेतजमीन मिळणार. ते प्रत्येक ठिकाणी खरं नसतं, आणि आराखड्यातला पहिला निर्णय इथेच होतो.

पाणथळ जागेत ऑगर (माती काढायचा हाताने फिरवायचा गिरमिट) घालून मातीचा नमुना काढला ना की वरचा हातभर काळा, कुजलेल्या मुळांचा थर येतो, त्याखाली राखाडी निळसर चिकण माती, आणि जिथे पाण्याची पातळी वर्षभरात खालीवर होते तिथे त्या राखाडीत गंजासारखे तांबूस डाग आणि मुळांच्या कडेने तांबड्या रेघा दिसतात. अंड्यासारखा कुजका वास आला तर समजायचं की इथे हवा पोचतच नाही. हे डाग कितीवर सुरू होतात ते टेपने मोजलं की ऐन उन्हाळ्यात, सगळं कोरडं असतानाही कळतं की पाणी साधारण कुठपर्यंत चढतं. सॅटेलाइटपेक्षा कधीकधी हा खड्डा जास्त सांगतो.

आता यातल्या दोन माती अशा आहेत की त्यांना हातच लावायचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. एक म्हणजे पीट, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साठलेला वनस्पतींचा थर. पाणी काढलं की त्यात हवा शिरते, तो कुजायला लागतो आणि जमीन अक्षरशः खाली बसत जाते. इंग्लंडमधे होम फेन म्हणून जागा आहे, तिथलं मोठं तळं १८५१ च्या सुमारास शेतीसाठी आटवलं तेव्हा पीटमधे एक खांब जमिनीच्या पातळीपर्यंत गाडून ठेवला होता, माती किती बसते ते बघायला. आज तो खांब जमिनीच्या वर जवळपास ४ मीटर उभा आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेलीय! आणि जमीन नदीच्या खाली गेली की पाणी आपसूक बाहेर जात नाही, पंप लावावे लागतात, जितकं उपसाल तितकी अजून बसते, म्हणजे ज्या शेतकऱ्याला आज आपण जमीन दिली असं म्हणतो त्याच्या नातवाला वाढत जाणारं उपशाचं बिल देऊन ठेवतो. पीट जगाच्या जमिनीच्या फक्त ३ टक्क्यांवर आहे पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात आहे त्याहून जास्त कार्बन त्यात आहे, आणि निचरा केलेल्या पीटमधून तो सतत बाहेर पडतो.

दुसरी माती किनाऱ्याजवळची, खारफुटी आणि जुन्या खाजणांखालची. तिच्यात लोह आणि गंधकाचं संयुग असतं, पायराइट. पाण्याखाली आहे तोवर ते गप्प पडून असतं. चर मारला, हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं, मातीचा सामू (pH) ४ च्या खाली जातो म्हणजे माती फार आम्लधर्मी होते, ॲल्युमिनियम सुटतं, पीक जळतं आणि पहिल्या मोठ्या पावसात तेच आम्ल ओढ्यात उतरून मासे मरतात. चुना घालून हे सुधारायचं म्हटलं तर इतका चुना लागतो की साध्या शेतकऱ्याला परवडत नाही.

मोठं उदाहरण हवं असेल तर इंडोनेशियाचं घे. मध्य कालिमंतानमधे १९९५-९६ ला सुमारे १० लाख हेक्टर पीटच्या दलदलीत भात पिकवायची योजना काढली, हजारो किलोमीटर कालवे खणले, झाडं तोडली, बाहेरून कुटुंबं आणून वसवली. भात जवळजवळ पिकलाच नाही. कालव्यांनी पीट वाळलं आणि १९९७ च्या एल निनोच्या दुष्काळात ते पेटलं, महिनोन्महिने धूर. १९९९ मधे योजना गुंडाळली पण कालवे राहिले आणि ते आजही पाणी काढतायत. वसवलेल्या लोकांचे हाल झाले ते वेगळेच.

म्हणून पहिला थर मातीचा टाका. पीट आणि आम्ल सल्फेट माती (ही वरची पायराइटवाली) दिसली की तिथे शेतीचा रंग भरायचाच नाही. यात तुमच्या "आधी पोट" वाल्या मित्रांचंही काही जात नाही, कारण तिथे टिकाऊ धान्य मुळात नाहीच आहे.

नकाशावेडी

गाळपेर दादांनी मातीचं छान सांगितलं, त्याला पाण्याचं जोडते.

ओंजळ, तुम्ही हद्द आखताना सखल पट्ट्याची कडा पकडून आखताय असं वाटतंय, आणि सगळ्यात जास्त आराखडे इथेच फसतात. पाणथळ जागा तिच्या हद्दीत मरत नाही, वरून मरते. स्पेनमधलं दोन्याना बघा, १९६९ पासून राष्ट्रीय उद्यान, आत कोणी नांगर घातला नाही, पण आजूबाजूला स्ट्रॉबेरी आणि इतर बेरीच्या शेतीसाठी भूजल इतकं उपसलं, त्यातल्या कितीतरी विहिरी बेकायदा, की आतली तळी आटायला लागली. २०२१ मधे युरोपियन युनियनच्या न्यायालयाने या उपशावरून स्पेनच्या विरोधात निकाल दिला. कागदावर संरक्षण शंभर टक्के होतं, पाणी मात्र कुंपणाच्या बाहेरून गेलं.

त्यामुळे तुमच्या मधल्या कालव्याच्या शेतीचा आणि वरच्या कोरडवाहू भागात उद्या पडणाऱ्या बोअरचा विचार त्याच नकाशात हवा. खालचा पट्टा राखायचा ठरवलात तर वर किती उपसा चालेल याची मर्यादा त्याच कागदावर लिहावी लागेल, नाहीतर तो रंग नुसता रंगच.

डेटासाठी एक टिप. एका वर्षाची इमेज घेऊन पाणी कुठे आहे ते काढू नका, ओलं वर्ष घेतलंत तर सगळंच पाणथळ दिसेल आणि कोरडं घेतलंत तर काहीच नाही. युरोपियन कमिशनच्या संयुक्त संशोधन केंद्राने लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून १९८४ पासूनचा जगभरच्या पृष्ठजलाचा डेटा काढलाय, ३० मीटरच्या चौकोनांचा, फुकट मिळतो, त्यात प्रत्येक ठिकाणी किती टक्के वेळा पाणी दिसलं ते कळतं. फक्त लक्षात ठेवा की गवताखाली, लव्हाळ्याखाली किंवा झाडांखाली जे पाणी असतं ते यात येत नाही, म्हणजे खरी दलदलच सुटते. तिथे दादा म्हणतात तसा खड्डाच खणा. तुमचं खोरं काल्पनिक आहे म्हणून मातीच्या नकाशावर भागवा, पण पुढे प्रत्यक्ष कामात हे विसरू नका.

अजून एक, लहान लहान डबकी "किरकोळ" म्हणून पुसून टाकू नका. एक एक बघितलं तर वाटतं काय फरक पडतो, पण अशी शंभर गेली की पुराचं पाणी सगळं एकदम नदीत येतं, आणि ते खालच्या गावांच्या उभ्या पिकात शिरतं. म्हणजे वरच्याने मिळवलेली जमीन खालच्याच्या नुकसानीतून आली, आराखड्यात कोणाच्याच खात्यावर न लिहिता.

बांधावरून

सगळं वाचलं. माहिती चांगलीय पण मी शेतकरी म्हणून बोलतो, राग मानू नका.

आमची निम्मी जमीन सखल आहे, चिबड. पाऊस जरा लांबला की वाफसाच येत नाही, पेरणी हुकते, बैल जात नाही न ट्रॅक्टर जात नाही. शेजारी वरच्या जमिनीवाला दोन पिकं घेतो आम्ही एकाची वाट बघतो. मग कोणी येऊन म्हणतं हे पाणी चांगलं आहे, हे पुराला अडवतं, पाणी गाळतं, पक्षी येतात, सगळ्या जगाला फायदा आहे. मान्य आहे हो. पण फायदा सगळ्या जगाला आणि तोटा एकट्या आमच्या खात्यावर असं का? ज्याच्या शेतात तुम्ही हिरवा रंग भरता त्याला त्या दिवसापासून जमिनीवर कर्ज मिळत नाही, विकायला गेला तर गिऱ्हाईक नाही, आणि चर साफ करायला परवानगी मागावी लागते. मग तो रात्री जेसीबी लावतो, आणि तुम्ही म्हणता शेतकऱ्याला निसर्गाची कदर नाही.

ओंजळ ताई, तुमच्या आराखड्यात हे पैसे कुठून येणार याचं एक पान असलं पाहिजे, नाहीतर बाकीची सगळी पानं फुकट आहेत.

गाळपेर

बांधावरून, राग कसला, हे तर पहिल्या दिवसापासून बोलायला हवं.

पैशाच्या बाबतीत दोन वेगळ्या वाटा वापरल्या गेल्यात आणि दोन्ही अमेरिकेत बघायला मिळतात. १८५० च्या आसपास तिथल्या संसदेने दलदलीच्या जमिनी राज्यांना देऊन टाकल्या, त्या कोरड्या करून लागवडीखाली आणाव्यात म्हणून, म्हणजे सरकारच पाणी काढा म्हणत होतं. १९८० च्या दशकापर्यंत मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांतल्या निम्म्याहून जास्त पाणथळ जागा गेल्या होत्या. मग १९८५ च्या शेती कायद्यात असं घातलं की त्या वर्षी २३ डिसेंबरनंतर जो पाणथळ जमीन पिकासाठी बदलेल त्याला सरकारी शेती मदत मिळणार नाही. जमीन त्याचीच, बंदी नाही, पण सबसिडी बंद. ज्यांनी आधीच बदललीय त्यांना हात लावला नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते लोकांनी बऱ्यापैकी स्वीकारलं. दुसरी वाट १९९० पासूनची, जी जमीन वारंवार बुडते, पीक हाती लागत नाही, ती शेतकऱ्याने स्वखुशीने परत पाण्याला द्यायची आणि सरकारने त्याचे पैसे मोजायचे, मालकी त्याच्याकडेच.

तुमच्या चिबड जमिनीचं उदाहरण दुसऱ्या वाटेत बसतं. जिथे पाच वर्षातली तीन वर्षं पीक बुडतं तिथे सरकार बियाणं, विमा, नुकसान भरपाई असं दरवर्षी काही ना काही देतच असतं. तेच पैसे ठरवून, करार करून, पाणी राखायचा मोबदला म्हणून दिले तर शेतकऱ्याला निदान खात्रीचं उत्पन्न मिळतं. हे मी सोपं म्हणत नाहीये, करार मधेच सोडून दिलेल्या योजना मी बघितल्यात, पण नुसती बंदी घालून जागा टिकली असं मला एकही ठिकाण आठवत नाही.

ओंजळ

बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. बांधावरून दादा, पैशांचं पान नक्की घेतेय, आमच्याकडे ते नव्हतंच.

पण उत्पादन वाढवायचा मुद्दा राहिलाच. आमच्या सरांचं म्हणणं असं की मधल्या कालव्याच्या शेतात एकरी उत्पादन वाढवलं की खालच्या पट्ट्याला हात लावायची गरजच राहणार नाही. हे बरोबर आहे का?

नकाशावेडी

अर्धं बरोबर आहे. जगाच्या पातळीवर बघितलं तर गेल्या साठ वर्षांत धान्य जे वाढलं ते मुख्यतः एकरी उत्पादन वाढल्यामुळे, नवीन जमिनीमुळे कमी, त्यामुळे सरांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण एका खोऱ्यात उलटंही होतं. पीक फायद्याचं झालं, नवीन वाण आला, रस्ता झाला, कालव्याचं पाणी मिळालं, की शेजारची दलदल फोडणं पूर्वी परवडत नव्हतं ते आता परवडायला लागतं. मग उत्पादनही वाढतं आणि पाणथळही जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी हद्द पक्की करा आणि ती पाळली जाईल अशी व्यवस्था लावा, मग वरच्या शेतीत पैसा ओता. उलट्या क्रमाने केलंत तर तुमचाच पैसा दलदल फोडायला कामी येईल.

आणि खत. एकरी उत्पादन वाढवताना नत्र वाढतं आणि त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर खाली येतं. इथे मात्र पाणथळ जागा शेतीच्या मदतीला येते. अमेरिकेत आयोवात जमिनीखाली पाइप टाकून शेतं कोरडी केलीत, ते पाणी नायट्रेट घेऊन मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं आणि तिथे दर उन्हाळ्यात प्राणवायू नसलेला मोठा पट्टा तयार होतो. आता तिथे त्या पाइपांच्या तोंडाशी मुद्दाम छोट्या पाणथळ जागा करतात, वरच्या क्षेत्राच्या साधारण अर्धा ते दोन टक्केच जागा लागते, आणि त्यातून जाणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास नायट्रेट तिथले जिवाणू नत्रवायू करून हवेत सोडून देतात. पण ती जागा बरोबर तोंडाशीच हवी. तेवढंच क्षेत्र दुसरीकडे कुठेतरी कोपऱ्यात ठेवलंत तर पाणी बाजूने निघून जाईल आणि उपयोग शून्य.

म्हणून किती टक्के राखायचं हा प्रश्न मी तरी नंतर विचारेन, आधी कुठे ते ठरवा.

पाणकणीस

उशिरा येतोय धाग्यावर. वरचं सगळं पटतंय, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाहीये. सगळेजण जमीन वाटून घ्यायचं बोलताय, काळ वाटून घ्यायचं कोणी बोलत नाही. ओंजळने लिहिलंय की पट्ट्यात काही महिनेच पाणी असतं. मग उरलेल्या महिन्यांचं काय?

मालीमधे नायजर नदीचा आतला त्रिभुज प्रदेश आहे. पूर चढताना त्यात पाण्याबरोबर वाढणारा भात असतो, भरल्या पुरात मासेमारी, पाणी ओसरलं की खाली उरलेल्या गवतावर गुरं. जमीन एकच, वापरणारे तीन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या राज्यकर्त्यांनी याचे नियमच बांधून टाकले होते, कोणाचे कळप कुठल्या वाटेने, कोणत्या क्रमाने आत जाणार, कुठल्या कुरणावर कोणाचा हक्क. आजही दियाफराबे गावाशी हजारो गुरं नदी पोहून पार करतात तो दिवस आधी सगळ्यांनी बसून ठरवलेला असतो, कापणी कुठपर्यंत आलीय आणि पाणी किती उतरलंय ते बघून. गुरं आठवडाभर आधी सोडली तर उभा भात जातो, उशीर झाला तर गुरं उपाशी. हा माझ्या मते जमीन वापर आराखडाच आहे, फक्त तो कॅलेंडरवर काढलाय. तिथे आता भांडणं आणि हिंसा खूप वाढलीय, वरच्या धरणांनी पूरही कमी झालाय, त्यामुळे सगळं आलबेल आहे असं म्हणत नाही, पण पद्धत शिकण्यासारखी आहे.

आता पश्चिम आफ्रिकेतलंच दुसरं उदाहरण, उत्तर नायजेरियातलं हडेजिया न्गुरू हे पूरमैदान. तिथे वरच्या अंगाला १९७० च्या दशकात धरण बांधून गहू वगैरेसाठी मोठी सिंचन योजना काढली, आणि खालच्या पूरमैदानाचं पाणी कमी झालं. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, की तेवढंच पाणी पूरमैदानात गेलं असतं तर ओसरत्या पाण्यावरची पिकं, मासे आणि जळण मिळून किती मिळालं असतं, आणि सिंचन योजनेत खर्च वजा जाता किती मिळतं. पाण्याच्या प्रत्येक घनमीटरमागे पूरमैदान कितीतरी पुढे निघालं. म्हणजे ज्याला नियोजकांनी वाया जाणारं पाणी धरलं होतं त्यावर हजारो कुटुंबं आधीच जगत होती, फक्त त्यांचं उत्पन्न कुठल्या खात्याच्या नोंदीत नव्हतं.

तुमच्या खोऱ्यातही सखल पट्टा नोंदीत पडीक दाखवला असेल. पण तिथे कोण मासे धरतं, कोण गुरं आणतं, कोण लव्हाळं कापून चटया विणतं, हे आधी शोधा. बहुतेकदा हे भूमिहीन लोक असतात आणि निचरा झाला की जमीन मात्र ज्यांच्याकडे आधीच जमीन आहे त्यांच्या नावावर होते. सगळ्या गावाची मागणी आहे असं लिहिलंय तुम्ही, पण ती कोणाची मागणी आहे ते नीट विचारा.

अख्खा पट्टा बंद करा म्हणणाऱ्या तटालाही सांगा की पाणथळ जागांचा जो आंतरराष्ट्रीय करार १९७१ मधे इराणच्या रामसरला झाला त्याचा पायाच सुज्ञ वापर आहे, कुंपण नाही. भातखाचरंसुद्धा पाणथळ जागेतच मोडतात, २००८ मधे त्यावर वेगळा ठराव झालाय. जर्मनीत तर निचरा केलेल्या पीटमधे पाणी परत भरून त्यात पाणकणीस आणि देवनळ पिकवायचे प्रयोग चालू आहेत, पाणकणसाचे घराच्या भिंतींसाठी उष्णतारोधक बोर्ड होतात. बाजार अजून लहान आहे पण दिशा बरोबर वाटते मला. (माझं नाव त्यावरून नाहीये, आधीपासूनचं आहे 😊)

बांधावरून

पाणकणीस भाऊ, कॅलेंडरचं जाम आवडलं. आमच्याकडे पण पाणी उतरल्यावर जी ओल राहते त्यावर न पाणी देता हरभरा येतो, पण ते पीक कुठल्याच योजनेत बसत नाही, विमा नाही कर्ज नाही. ते जरी कोणी धरलं तरी लोक चर मारायचं थांबवतील, कारण मग बुडालेल्या महिन्यांचंही काही वाटणार नाही.

पक्ष्यांचा पण एक विषय घ्या. पाणी राखलं की पक्षी येतात आणि ते रानातच चरतात.

पाणकणीस

हो, हा मुद्दा आराखड्यात नेहमी गळतो. इस्रायलमधे हुला दरी आहे, ती दलदल १९५० च्या दशकात शेतीसाठी कोरडी केली. पीट बसायला लागलं, आतून पेटायला लागलं, वारा सुटला की धूळ, आणि नायट्रेट खाली गॅलिलीच्या तळ्यात जायला लागलं जे तिथलं पिण्याचं पाणी होतं. शेवटी १९९४ मधे जी जमीन शेतीलाही कामाची राहिली नव्हती तिथे परत पाणी सोडलं. मग क्रौंच हजारोंनी उतरायला लागले आणि शेजारच्या शेतात घुसायला लागले. तेव्हा त्यांनी एका ठरलेल्या जागी मका टाकायला सुरुवात केली, हंगामात ट्रॅक्टरने रोज, म्हणजे बाकीच्या शेतात थवे जाऊ नयेत. त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर पडला असता तर ते टिकलं नसतं. तुमच्या पैशांच्या पानावर पिकाच्या नुकसानीची ओळ टाका.

ओंजळ

हे सगळं टिपून घेतलंय. आणि इथे हुलाचं उदाहरण आलं म्हणून माझा तिसरा प्रश्न परत विचारते, तिथे पाणी परत सोडता आलं, मग आम्ही इथली पाणथळ शेतीला देऊन दुसरीकडे नवीन केली तर काय हरकत? गटातल्या एकाने तर "एकाला दीड" असा नियम पण सुचवलाय, एक हेक्टर गेलं तर दीड हेक्टर नवीन.

गाळपेर

हरकत अशी की परत आलेलं पाणी म्हणजे परत आलेली पाणथळ नव्हे. २०१२ मधे जगभरच्या ६२१ पूर्ववत केलेल्या किंवा नव्याने बनवलेल्या पाणथळ जागांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की शंभर वर्षं उलटल्यावरही तिथल्या वनस्पती आणि प्राण्यांची जडणघडण मूळ जागांपेक्षा सरासरी २६ टक्क्यांनी कमी होती आणि मातीत कार्बन साठण्यासारखी कामं २३ टक्क्यांनी कमी. मोठ्या जागा आणि नदीच्या किंवा भरतीच्या पाण्याशी जोडलेल्या जागा लवकर सावरतात, लहान तुटक थंड हवेतल्या हळू. पीट तर वर्षाला मिलिमीटरच्या हिशोबाने वाढतं, त्यामुळे दीड काय दहा हेक्टर दिलेत तरी ते वीस वर्षांच्या आराखड्यात परत येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा, शाबूत आहे तिला हात लावायचा नाही, जिथे टाळताच येत नाही तिथे नुकसान कमीत कमी, आणि भरपाई अगदी शेवटी, तीही त्याच खोऱ्यात आणि त्याच प्रकारची. नाहीतर होतं काय की पुराचं पाणी अडवणारी जागा जाते इथे आणि शोभेचं तळं होतं तिकडे.

पण पूर्ववत करणं वाया आहे असं अजिबात म्हणत नाहीये. जिथे शेती आधीच हरलीय, बसलेली, खारावलेली, दरवर्षी बुडणारी जमीन, तिथे जरूर पाणी परत सोडा. फक्त ती नवी जागा फोडायची परवानगी म्हणून वापरू नका. जगात १७०० पासून सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर पाणथळ जागा गेल्यात असा २०२३ चा अंदाज आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा शेतीसाठी केलेल्या निचऱ्याचा. त्यातली सगळी शेती वाईट नाही, त्यातली बरीचशी आज लोकांना पोसते. मला वाटतं म्हणूनच उरलेल्याबद्दल एवढं भांडायला हवं.

नकाशावेडी

+१. ओंजळ, "एकाला दीड" हे गुणोत्तर काढून टाक ग, कागदावर छान दिसतं म्हणून सगळे तेच धरून बसतात.

ओंजळ

काढलं 🙂 आता नवा नकाशा असा करतोय. आधी माती, मग पाणी किती महिने, मग सध्या कोण काय वापरतं. पीट पूर्ण बंद. मधला हंगामी भाग कॅलेंडरवर, ओसरत्या पाण्यावरची पिकं, चराई, मासेमारी. कडेचा थोडा उंच भाग जिथे साधी गाळाची माती आहे तो शेतीला, आणि कालव्याचं पाणी जिथे खाली उतरतं त्या तोंडाशी गाळणी म्हणून छोट्या पाणथळ जागा. वर उपशाची मर्यादा.

एकच शेवटचा प्रश्न, या तीन भागांमधे पाणी किती ठेवायचं यावर उद्या भांडण होणारच, शेतीवाल्याला कमी हवं, मासेवाल्याला जास्त. ते आराखड्यात लिहायचं का व्यवस्थापनावर सोडायचं?

पाणकणीस

लिहायचंच. रंगापेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची, आणि ती लिहिली नाही तर ज्याच्या हातात पाणी सोडायचा-अडवायचा दरवाजा तो ठरवतो. नेदरलँड्समधे यासाठी पाणी मंडळं आहेत, तेराव्या शतकापासूनची, त्यांच्या निवडणुका होतात, आणि प्रत्येक सखल तुकड्यात पाणी कुठल्या पातळीला ठेवायचं ते मंडळ जाहीर ठराव करून ठरवतं, हरकती मागवून. शेतकरी त्यात असतात, घरवाले असतात, निसर्गवाले असतात. तिथेही पातळी शेतीसाठी खाली ठेवून ठेवून पीट बसलंय आणि आता ती वर घ्यायला शेतकऱ्यांचा विरोध आहे, म्हणजे मंडळ असलं म्हणून सगळं सुटत नाही, पण भांडण निदान सगळ्यांसमोर होतं.

तुम्ही एवढं करा. प्रत्येक भागासाठी महिन्यावार पातळी लिहा, जमिनीपासून किती वर किंवा किती खाली, सेंटिमीटरमधे. मोजपट्टी सगळ्यांना दिसेल अशा जागी रोवायची तरतूद ठेवा, दरवाज्याच्या फळ्या कोणत्या महिन्यात काढायच्या आणि घालायच्या ते लिहा, दुष्काळी वर्षात आधी कोणाचं पाणी कमी होणार ते आत्ताच लिहा कारण दुष्काळात ते कोणी मान्य करणार नाही. आणि फळ्या हलवायचा अधिकार एकट्याकडे नको, शेतीवाला, मासेवाला आणि गुरंवाला असे तिघं हजर असतील तेव्हाच.

बांधावरून

आणि पातळी ठरवायची बैठक पेरणीच्या दिवसात ठेवू नका, नाहीतर आमच्यातलं कोणी येणार नाही आणि तुमच्या कागदावर आमची संमती लागलेली असेल.